बाइंडरबाईंची शेगडी

पिनकाकांना शेगडीला हात लावायची घाई कधीच नसे. बाकीचे मिस्त्री घरात शिरले की आधी पाना काढतात आणि मग विचारतात, काय झालंय. पिनकाका पिशवी दारातच ठेवायचे, ओट्यासमोर उभे राहायचे आणि घरच्या बाईलाच म्हणायचे, "तुम्ही पेटवा बघू. रोज पेटवता तशी." मग हात मागे बांधून नुसते बघत राहायचे. एक मिनिट, दोन मिनिटं. बाई कंटाळून म्हणायची, "अहो, काहीतरी करा की!" त्यावर ते म्हणायचे, "तेच करतोय."

शर्टाच्या कॉलरला आतून पाच-सहा बारीक पिना टोचलेल्या असत, गॅस सुटतो ती जेटची भोकं साफ करायला. त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवत नसेल असं लोक म्हणायचे. ती बापडी आयुष्यभर 'अहो'वर भागवत आली होती.

ज्योत बघून रोग सांगणारा माणूस! ज्योत बर्नर सोडून वर उडत असेल तर हवा जास्त झालीय. फट् करून आत शिरत असेल तर बर्नरचं झाकण नीट बसलेलं नाही. एकाच बाजूने जळत असेल तर काल दूध उतू गेलंय आणि घरात कुणी कबूल होत नाहीये. हे शेवटचं ते सगळ्यांसमोर सांगायचे आणि मग घरात जी जुंपायची ती मिटक्या मारत ऐकायचे. पण ज्योत पिवळी असेल, भांड्याला काजळी धरत असेल, तर मात्र थट्टा बंद. "पिवळीला घरात ठेवू नये," ते सांगायचे. "हवा कमी पडली की गॅस अर्धाच जळतो. त्या अर्धवट जळण्यातून जे निघतं त्याला ना वास, ना रंग. बंद खोलीत आधी माणसाचं डोकं धरतं, आणि मग एखाद्या दिवशी माणसालाच धरतं."

अशा माणसाचे डोळे जावेत, याला काय म्हणावं! आणि सरळ गेले असते तरी पत्करलं असतं. ठार आंधळे झाले असते तर घरी तरी बसले असते. त्यांचे डोळे गेले ते हळूहळू, काही न कळवता.

सुरुवात तक्रारींनी झाली. दुरुस्त करून आलेल्या घरांतून पुन्हा फोन यायला लागले. "काका, ज्योत फडफडते." "काका, दार उघडलं की विझते, घरभर वास सुटतो." पिनकाकांनी आधी गॅसला शिव्या घातल्या, भेसळ करतात मेले म्हणाले. मग बर्नरला, हल्लीचं पितळ पितळच राहिलेलं नाही. मग बायकांना, यांना दम धरवत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. पण पस्तीस वर्षं नाचलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

होत होतं ते असं. त्यांना जी ती ज्योत पिवळट दिसायची. पिवळी म्हणजे हवा कमी, म्हणून ते बर्नरच्या नळीवरची हवेची झडप थोडी उघडायचे. तरी पिवळी. आणखी उघडायचे. चांगल्या चालणाऱ्या शेगड्या त्यांनी हवा पाजून पाजून बिघडवल्या.

बायकोच्या लक्षात आलं ते चादरीवरून. तिने नवी कोरी पांढरी चादर अंथरली, तर हे म्हणतात, "चहात बुडवून वाळवलीस का गं?" ती हसली. पण दुसऱ्या दिवशी ते घरच्याच शेगडीशी खटपट करायला लागले तेव्हा तिचं हसू पळालं.

"अहो, निळीशार जळतेय की! कशाला हात घालताय तिला?"

"ही निळी? तुला काय कळतं त्यातलं?"

"मला नाही कळत? तीस वर्षं या ओट्यापाशी कोण उभं आहे, मी का तुम्ही?" तिने त्यांचा हात धरून बाजूला केला. "काविळीच्या डोळ्याला सगळं जग पिवळं. चला उठा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

डोळ्यांची डॉक्टर पोरगेलीशी होती. तिने अंधार केला, दिवा मारला, भिंग लावलं आणि सांगितलं, "काका, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. आतलं भिंग पिवळं पडलंय, त्यातून निळा रंग तुमच्यापर्यंत पोचतच नाही." ऑपरेशन करू, पण आधी रक्तातली साखर खाली आणा. एक डोळा, मग दुसरा, तीनेक महिने धरून चाला. तोवर काम बंद.

काम बंद म्हणे! पिनकाका जिना उतरून खाली आल्यावर फुटले. "पिनकाकाला ज्योत दिसत नाही, हे गावभर झालं तर उद्या डोळे परत आले तरी दारात कोण उभं करील? हे इथल्या इथे राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बायको हुशार. हा माणूस घरी बसायचा नाही हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "मग एक करा. रंगावर जाऊच नका. स्टीलची वाटी न्या, ज्योतीवर धरा. बुड काळं झालं तर पिवळी, नाही झालं तर निळी. एवढं तर दिसतं ना?"

"शेगडीवाल्याला शेगडी शिकवतेस?" ते गुरगुरले. पण दुसऱ्या दिवसापासून पिशवीत वाटी आली, आणि महिनाभर तिने इमानाने काम केलं.

मात्र दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी त्यांची गत झाली होती. पूर्वी पिवळं दिसलं की हात झडपेकडे जायचा. आता पिवळं दिसलं की ते स्वतःलाच दटावायचे, 'ज्योत पिवळी नाही, तू पिवळा आहेस. गप्प बस.' आणि एक दिवस ती वाटी कुणाच्या तरी ओट्यावर विसरली. दुसरी घ्यायची राहून गेली. आज घेऊ, उद्या घेऊ. वाटीसारखी वाटी ती, तिच्यावाचून काय अडतंय!

त्याच आठवड्यात त्यांना बुकबाइंडरच्या घरून बोलावणं आलं. थंडी नुकती पडायला लागली होती.

पुढच्या खोलीत कागदांचे गठ्ठे, पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, दोऱ्याची रिळं, आणि त्या पसाऱ्यात पाठ वाकवून शिवत बसलेला म्हातारा बाइंडर. मागे एवढंसं स्वयंपाकघर. तिथे त्याची बायको. गल्लीत सगळे तिला बाइंडरबाई म्हणत. पुस्तकांना लागणारी खळ ती शिजवायची. खळीचं काम मोठं चिकट. मंद ज्योतीवर पातेलं ठेवायचं आणि गुठळी होऊ न देता ढवळत उभं राहायचं, दोन तास सकाळी, दोन तास दुपारी. खिडकी कायम बंद, कारण ती उघडली की वारा थेट पुढच्या खोलीत घुसायचा आणि सुटी पानं घरभर उडायची.

"भाऊ, हिची ज्योत पिवळी झालीय," बाइंडरबाई म्हणाली. "गेले पंधरा दिवस बघतेय."

पिनकाका हात मागे बांधून उभे राहिले. तिने शेगडी पेटवली. पिवळी दिसली. पण आता त्यांना काय पिवळं दिसत नव्हतं? ओट्यावरचं मीठही पिवळं दिसत होतं. ते म्हणाले, "पातेलं दाखवा बघू."

तिने खळीचं, अजून शेगडीवर न चढवलेलं पातेलं दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि पालथं करून दाखवलं. बुड आरशासारखं लख्ख.

"काजळी तर कुठे नाही, वहिनी."

"घासते ना मी! रोज घासते. नाहीतर खळीत काळं उतरतं आणि मग यांची बोलणी खावी लागतात. हात बघा माझे." हात खरंच खरखरीत झाले होते, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. पिनकाकांनी ते पाहिलं, ती काय म्हणाली तेही ऐकलं. पण कानात जाणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

त्यांनी विचारलं, "संध्याकाळी दिव्याभोवती तुम्हाला वलय दिसतं का हो?"

"दिसतं कधीकधी. थकले की."

"झालं तर मग!" पिनकाकांचा चेहरा एकदम उजळला. "अहो वहिनी, ज्योत निळीच आहे. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. आतलं भिंग पिवळं पडतं, मग सगळंच पिवळं दिसायला लागतं. या वयात व्हायचंच ते. एकदा दाखवून घ्या."

पुढच्या खोलीतून बाइंडर ओरडला, "ऐकलंस? मी काय वेगळं सांगत होतो?"

"पण ढवळताना डोकं फार दुखतं हो, भाऊ. गरगरतं."

"डोळ्यांमुळेच ते. डोळा ताणला की डोकं दुखणारच."

बर्नरचं झाकण काढून त्यांनी ब्रशने पुसलं, जेटमध्ये एक पिन फिरवली आणि ते निघाले. नळी उघडून पाहिली नाही. नळी उघडायची तर शेगडी पालथी करावी लागते, आणि ओट्यावर खळीचा पसारा होता. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांना बरं वाटलं होतं. आपल्यासारखं पिवळं बघणारं आणखी कुणीतरी आहे, या विचाराने घरी जाताना पाय हलके पडत होते. माणूस कशाने सुखावेल, काही सांगता येत नाही!

साखर खाली यायला वेळ लागला. मग एक डोळा झाला, मग दुसरा. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी घरी येऊन ते आधी ओट्यापाशी गेले. बायकोने शेगडी पेटवली.

"अगं!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. निळी! जांभळ्या कडेची, टोकदार, एका ओळीत उभी, जिच्यावर त्यांनी सगळं आयुष्य काढलं ती निळी. ते लहान पोरासारखे हसायला लागले. बायकोही डोळे पुसत हसली. आणि हसता हसता पिनकाका मधेच थांबले.

"अगं, ज्या मी निळ्या समजून सोडून आलो, त्या?"

 फोनवर आलेल्या तक्रारी आणि बोलावणी बायको कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवायची. तिने ते कॅलेंडर काढलं आणि दोघांनी बसून गेल्या वर्षातले पत्ते उतरवले. सदतीस भरले. कागद हातात देताना ती म्हणाली, "जा, सगळीकडे जाऊन या. पण तोंड उघडू नका. नुसतं तपासायला आलोय म्हणा, ठीक करा आणि या. झालं गेलं बोलून कुणाचं भलं होत नाही."

तीन दिवस ते हिंडले. बहुतेक ठिकाणी झडप थोडी मिटवली की ज्योत खाली बसायची. एका घरी पिवळी सापडली, पण तिथे स्वयंपाक उघड्या व्हरांड्यात. दुसऱ्या एका घरातल्या सुनेने नव्या मिस्त्रीला बोलावून कधीच दुरुस्त करून घेतली होती. "फुकट तपासणी?" ती म्हणाली. "काका, तब्येत बरी आहे ना?" पिनकाका हसले. घरागणिक छातीवरचं ओझं कमी होत होतं. कुणी दगावलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं. देवाने वाचवलं, असं त्यांनी चौथ्या दिवशी सकाळी बायकोला सांगितलंसुद्धा. यादीत दोनच घरं उरली होती.

त्यातलं पहिलं बाइंडरचं.

पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. शिलाई अर्धी टाकलेली होती. पिनकाकांनी हाक मारली तसा आतून बाइंडर म्हणाला, "कोण? मिस्त्री? या, आत या."

म्हातारा ओट्यापाशी उभा राहून स्वतः खळ ढवळत होता. कपाळाला फडकं घट्ट बांधलेलं. खळ एका बाजूने करपली होती, आणि पातेल्याला खालपासून अर्ध्यापर्यंत काळं चढलं होतं. पातेल्याखाली ज्योत होती. पिनकाकांना तिच्यापाशी जावंही लागलं नाही. दारातूनच दिसली. लांब, मऊ, लालसर पिवळी, टोकाशी धूर धरलेली.

ते पुढे झाले, शेगडी बंद केली आणि खिडकीची कडी काढायला लागले. कडी गंजली होती, ती हाताने ठोकावी लागली. खिडकी उघडली तसा पुढच्या खोलीत कागदांचा फडफडाट झाला.

"अहो, पानं उडतील माझी!"

"उडू द्या." पिनकाकांनी खिडकी पूर्ण लोटली. "वहिनी कुठे आहेत?"

बाइंडरने त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुम्हाला कळलं नाही? गेली ती. दोन महिने झाले. इथेच पडली, ढवळता ढवळता. मी आवाज ऐकून आलो तर संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालं होतं."

 पिनकाकांनी पिशवी आत आणली, शेगडी पालथी केली आणि नळी सोडवली.  नळीच्या तोंडाशी, हवा आत शिरते तिथे, कोळ्याने घर केलं होतं. कापसाच्या बोंडाएवढं, पांढरं, घट्ट विणलेलं, वर जुनी धूळ बसून करडं झालेलं. पिनेने ओढलं तर अख्खंच बाहेर आलं. एवढंसं ते! नळी उघडायला पाच मिनिटं लागली असती. पाच मिनिटं!

नळी पुसली, बसवली, शेगडी पेटवली. ज्योत निळी झाली.

"अरे वा!" बाइंडर म्हणाला. "छान झाली हो. गेला महिनाभर माझंही डोकं ठणकतंय. म्हटलं, तिच्या जाण्याने असेल."

आता निघायचं होतं. बायकोने बजावलं होतं आणि बायकोचं काही चुकलेलं नव्हतं. शेगडी ठीक झाली, म्हाताऱ्याची डोकेदुखी दोन दिवसांत थांबेल, गेलेलं माणूस परत येणार नाही. पिनकाकांनी पिशवी भरली. ती उचलली. आणि पुन्हा खाली ठेवली.

"दादा, बसा जरा," ते म्हणाले. "मला काही सांगायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं. आपले डोळे, वाटी, न उघडलेली नळी. वहिनींना जे सांगितलं ते. पिवळ्या ज्योतीतून काय निघतं तेही. "त्यानेच गेल्या असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हृदयही असेल. आता कुणालाच सांगता येणार नाही. पण डोकं त्यानेच दुखत होतं. गरगरत होतं ते त्यानेच. दोष माझा आहे, दादा. तुम्ही मला मारा, शिव्या द्या, पोलिसांत न्या. मी नाही म्हणणार नाही."

बाइंडर स्टुलावर बसला होता. त्या निळ्या ज्योतीकडे बघत तो म्हणाला, "तुम्ही गेल्यावर ती डोळे दाखवून आली होती."

"काय?"

"डॉक्टरने सांगितलं, डोळे उत्तम आहेत, मोतीबिंदू नाही की काही नाही. घरी येऊन मला म्हणाली, 'माझे डोळे चांगले आहेत, ज्योतच पिवळी आहे, मिस्त्रींना परत बोलवा.' माझी दोनशे वह्यांची घाई चालली होती. मी खेकसलो तिच्यावर. म्हटलं, त्या माणसाची हयात शेगडीत गेली, तुला त्याच्याहून जास्त कळतं का?" त्याने फडकं कपाळावरून ओढून काढलं. "त्यानंतर तिने तो विषयच काढला नाही. गुपचूप पातेलं घासायची. मला घासण्याचा आवाज यायचा पलीकडून."

"पण मी जर नळी..."

"मिस्त्री, तुम्ही एकदा येऊन गेलात. मी रोज घरात होतो."

 पिनकाका शिव्या खायला तयार होऊन बसले होते. म्हाताऱ्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्या घेऊन ते घरी गेले असते, रडले असते, मोकळे झाले असते. इथे तर उलटंच होऊन बसलं. बाइंडरचं थकलेलं, पण शांत तोंड त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत चाललं होतं. दोन महिने तो बायको वयाने गेली म्हणून रडत होता. तेवढा तरी आधार होता बिचाऱ्याला. तो पिनकाकांनी काढून घेतला होता.

"न सांगता गेला असतात तर बरं झालं असतं," बाइंडर म्हणाला. रागाने नाही, नुसतं म्हणाला. मग एकदम त्याने पिनकाकांचं मनगट धरलं. "पोरीला सांगू नका. ती येईलच आता, रोज दुपारी डबा घेऊन येते. 'आईला मोठ्या डॉक्टरकडे न्या, आईचा चेहरा बरा दिसत नाही,' म्हणून माझ्यामागे लागली होती. मी म्हटलं, वय आहे तिचं, होतं असं. आता हे कळलं तर ती माझं तोंड बघायची नाही. मला ती एकच आहे हो. एवढं करा."

"नाही सांगणार," पिनकाका म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

पायऱ्यांवर चपला वाजल्या. लेक आली. तिशीची, आईसारखीच किरकोळ अंगाची, हातात डबा. उडालेली पानं बघून ती पुढच्या खोलीतूनच ओरडली, "बाबा, हे काय! खिडकी कुणी उघडली?" आत आली, पिनकाकांना बघून थांबली, आणि मग तिची नजर शेगडीवर गेली.

"अय्या, किती छान जळतेय! बाबा, बघितलंत? मी कधीची म्हणत होते, ही शेगडी दाखवा कुणाला तरी." तिने डबा ठेवला आणि ज्योत थोडी लहान करून पाहिली, थोडी मोठी करून पाहिली. "काका, काय बिघडलं होतं हो?"

बाइंडर मान खाली घालून थंड झालेली खळ ढवळत होता.

"काही नाही, ताई. कोळ्याचं घरटं होतं नळीत. हवा अडली होती."

"बाई गं! म्हणून भांडी काळी होत होती." ती हसली, आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. ती काहीतरी आठवत होती. तिने आधी त्या काळ्या पातेल्याकडे पाहिलं, मग पिनकाकांकडे.

"कधीपासून असेल हो ते?"

खिडकीतून गार वारा येत होता. ते करडं घरटं अजून ओट्याच्या कडेला पडलेलं होतं. पिनकाकांनी ते उचलून मुठीत धरलं.

"असेल पंधरा दिवसांचं. कोळी काय, रात्रीत घर बांधतो."

"म्हणजे आईच्या वेळी नव्हतं?"

बाइंडरचा ढवळणारा हात थांबला.

"नाही, ताई," पिनकाका म्हणाले. "तेव्हा मी स्वतः बघून गेलो होतो ना."